‘सिंहगड’ मूकपट : एका अनुपलब्ध संहितेचें परीक्षण

ज्या कृतीचें परीक्षण करावयाचें ती कृतीच समोर नसतां परीक्षणास बसणें हा प्रथमदर्शनीं वेडेपणाच वाटेल. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनें इ. स. १९२३ मध्यें काढिलेला ‘सिंहगड’ हा मूकपट प्रस्तुत लेखकानें पाहिलेला नाहीं. आज हयात असलेल्या वाचकांपैकीं कोणीं तो पाहिला असेल असाही संभव नाहीं. आणि त्याची एखादी प्रत कोठें शिल्लक असल्याचें ऐकिवांत नाहीं. तथापि ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस अशा स्थितीची संवय आहे. गुणाढ्याची बृहत्कथा कोणीं पाहिली आहे? पैशाची भाषेंतील तो मूळ ग्रंथ गेला तो गेलाच. परंतु सोमदेवाचा कथासरित्सागर, क्षेमेंद्राची बृहत्कथामंजरी व बुधस्वामीचा श्लोकसंग्रह हे तिघे साक्षी शेजारीं शेजारीं उभे केले म्हणजे मूळ ग्रंथाचा आकार, अंधुक कां होईना, दिसूं लागतो. साक्षी एकमत होतात तेथें पाऊल टाकावें, भांडतात तेथें थांबावें, हा जो आपला नेहमींचा मार्ग, तोच येथें चोखाळावयाचा आहे.

प्रथम निर्विवाद तेवढें सांगतों. चित्रपटाचे दिग्दर्शक बाबूराव पेंटर (१८९०-१९५४). मूळचें आडनांव मेस्त्री. आनंदराव ह्या बंधूंसमवेत नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवितां रंगवितां ‘पेंटर’ हेंच आडनांव होऊन बसलें. परदेशी यंत्राच्या आधारानें देशी कॅमेरा कोल्हापुरांत घडवून ह्या मंडळींनीं इ. स. १९२० मध्यें ‘सैरंध्री’ पडद्यावर आणिली. त्यानंतर तीन वर्षांनीं ‘सिंहगड’. कथेचा आधार हरि नारायण आपटे ह्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी. (ह्याच कंपनीनें १९२५ मध्यें काढिलेल्या ‘सावकारी पाश’ची कथा नारायण हरि आपटे ह्यांची. नांवांची ही उलटापालट अनेक सूचीकारांस भोंवली आहे. संग्राहकांनीं नोंदी पुन्हां पडताळून पाहाव्या.) शिवाजी महाराजांची भूमिका स्वतः बाबूरावांनीं केली. शेलारमामा झाले व्ही. शांताराम; त्यांचें वय त्या वेळीं एकवीस-बावीस वर्षांचें होतें. पोवाड्यांतला ऐंशी वर्षांचा म्हातारा एका तरुणाच्या दाढीमिशांतून प्रथम पडद्यावर अवतरला ही गोष्ट मौजेची खरीच. पुढें जें सांगावयाचें आहे तिच्याशीं तिचा संबंधही आहे.

चित्रपटाविषयीं दुसरी एक आख्यायिका फार प्रचलित आहे. ‘सिंहगड’ला लोटलेली गर्दी पाहून सरकारच्या तोंडास पाणी सुटलें आणि करमणुकीवरील कर सुरू झाला, असें सांगतात. ती ऐकावयास गोड आहे. परंतु मुंबई इलाख्याचा करमणूक-कराचा कायदा हा सन १९२३ चा पहिल्या क्रमांकाचा कायदा आहे. वर्षाचा पहिलाच कायदा म्हटल्यावर त्याचा विचार व मसुदा आधींपासून चालूं असला पाहिजे हें उघड आहे. तेव्हां कार्यकारणभाव जोडण्यापूर्वीं चित्रपट प्रथम दाखविल्याची मिति आणि कायद्याची मिति ह्या दोन्ही एका कागदावर मांडून पाहाव्या. बखरींतल्या तिथि पंचांगाशीं ताडून पाहणारे आपण, सिनेमाची गोष्ट आली कीं एकदम श्रद्धाळू कां होतों हें मला समजत नाहीं.

आतां संहितेचा वंशवृक्ष पाहूं. कोंढाण्याच्या हल्ल्याची मिति माघ वद्य ९, शके १५९१, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७०. सर्वांत जुना विस्तृत मराठी साक्षी कृष्णाजी अनंत सभासद. त्यानें सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथें राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिली. त्याचें निवेदन अत्यंत आटोपशीर आहे. तानाजीनें विडा उचलला, निवडक मावळे घेतले, रात्रीं वानरांसारखे कडा चढून गेले, उदेभान व तानाजी एकमेकांच्या हातून पडले, भाऊ सूर्याजी ह्यानें लोक सांवरून गड घेतला, पागेच्या घरांस आग लावली आणि तो उजेड राजगडावरून महाराजांनीं पाहिला. बस्स. घोरपड नाहीं, रायबाचें लग्न नाहीं, शेलारमामा नाहीं.

हें सर्व येतें तें तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यांतून. अक्वर्थ व शाळिग्राम ह्यांनीं इ. स. १८९१ मध्यें छापलेल्या संग्रहामुळें तो सुशिक्षितांच्या हातीं पडला. त्यांत जिजाबाई महाराजांशीं फांसे खेळून कोंढाणा जिंकून मागते. उदेभानाच्या पदरीं चंद्रावळी हत्ती आहे, सिद्दी हिलाल आहे. आणि कड्याला यशवंती नांवाची घोरपड चिकटते. घोरपडीची कथा मुधोळच्या घोरपडे घराण्याच्या परंपरेंत खेळण्याच्या किल्ल्याविषयींही सांगतात, आणि तो प्रसंग बहामनी काळचा, दोनशें वर्षें आधींचा. एका किल्ल्याची घोरपड दुसऱ्या किल्ल्यावर चढली असावी असें मला वाटतें. पण तो स्वतंत्र विषय आहे.

तिसरी पायरी कादंबरी. आपटे (१८६४-१९१९) ह्यांनीं ती १९०३ च्या सुमारास लिहिली. एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे : जेधे शकावली टिळकांनीं प्रसिद्ध केली ती १९१६ मध्यें. म्हणजे कादंबरीकाराजवळ ती नव्हती. त्याला दोष देण्याचें कारण नाहीं. चित्रपटकाराजवळ मात्र ती सात वर्षें होती. पण चित्रपटकारानें कादंबरी हातीं धरली आणि शकावली संशोधकांकडे राहिली.

ह्या कादंबरीनें सभासदाच्या आणि शाहिराच्या कथेवर जो तिसरा थर चढविला तो म्हणजे कमलकुमारी. सती जाण्यास निघालेल्या ह्या राजपूत विधवेला उदयभानु बळेंच नेतो, तिच्याशीं लग्न लावण्याचा हट्ट धरतो, आणि गडावरील लढाईला ह्या कथानकाची जोड मिळते. ही कमलकुमारी कोठून आली? कोणत्याही बखरींत ती नाहीं. माझें उत्तर असें कीं ती ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ह्या कादंबरीच्या यमूची बहीण आहे. विधवेच्या देहावर सत्ता कोणाची, हा प्रश्न आपट्यांच्या काळजास जन्मभर लागून राहिला होता. सतराव्या शतकांत शिरतांना तो त्यांनीं बरोबर नेला. म्हणून ती १९०३ च्या महाराष्ट्राविषयींची उत्तम साक्ष आहे, आणि १६७० च्या कोंढाण्याविषयींची मुळींच नाहीं.

कोणी म्हणेल, कादंबरीकाराला एवढें स्वातंत्र्य नको काय? जरूर हवें. पण त्याची किंमत कोणीं दिली तेंही पाहावें. पहिली किंमत उदेभानानें दिली. ज्या राजपूत किल्लेदारानें आपल्या धन्याचा गड राखतांना जागच्या जागीं देह ठेवला, तो एका परस्त्रीमागें लागलेला लंपट झाला. दुसरी किंमत खुद्द तानाजीनें दिली, आणि ती अधिक जड आहे. पुरंदरच्या तहांत (१६६५) तेवीस किल्ले मोंगलांस द्यावे लागले, त्यांत कोंढाणा होता. तो परत घेणें हें राज्याचें काम होतें, आणि एका सरदारानें तें राज्याचें काम म्हणून केलें. मध्यें अबलेची सुटका आणून बसविली कीं त्या कामाला जणुं दुसऱ्या एका निमित्ताची गरज होती असें वाटूं लागतें. मला ही कादंबरी लहानपणापासून प्रिय आहे. तिनें मराठी मुलांच्या तीन पिढ्यांस शिवकालाची गोडी लाविली हें ऋण मी नाकारीत नाहीं. तरीही हें म्हटलें पाहिजे.

चौथी पायरी मूकपट. येथें मला जो मुद्दा मांडावयाचा आहे तो असा. पोवाड्याला, बखरीला आणि कादंबरीलाही एक सोय असते : ‘असें म्हणतात’, ‘कोणी सांगतात’, ‘पुढें काय झालें तें ईश्वर जाणे’. शब्दाला संशय व्यक्त करतां येतो. चित्राला ती सोय नाहीं. पडद्यावर शेलारमामा उभा राहिला कीं तो होताच. त्याच्या खालीं ‘सभासदांत हा नाहीं’ अशी तळटीप घालतां येत नाहीं. भांडारकर संस्थेंत सुखटणकरांनीं महाभारताचे प्रक्षेप काढले तेव्हां ते फेंकून दिले नाहींत. खालीं टीपेंत आणि परिशिष्टांत जपून ठेविले, कीं ज्याला पाहिजे त्यानें पाहावें. चित्रपटाला परिशिष्ट नसतें. मूळ आणि प्रक्षेप एकाच उजेडांत, एकाच आकाराचे दिसतात. आणि मूकपटांत तर बोलणेंही नाहीं, तेव्हां मधून मधून येणाऱ्या चार ओळींच्या पाट्यांखेरीज शंकेला जागाच उरत नाहीं. तीन निरनिराळ्या शतकांत घातलेले थर येथें प्रथम एकजीव झाले. पुढें १९३३ मध्यें प्रभात कंपनीच्या वतीनें शांताराम ह्यांनीं हीच कथा बोलपटांत आणिली, तेव्हां कमलकुमारी, देवलदेवी आणि जगतसिंग हीं पात्रें घरोघर झालीं. पण दहा वर्षें आधीं वाट पाडली ती मूकपटानें.

एवढा दोष दाखविल्यावर दुसरी बाजू न सांगणें अन्यायाचें होईल. ‘सिंहगड’विषयीं सर्व सिनेमा-इतिहासकार ज्या एका गोष्टीचा उल्लेख करितात ती म्हणजे रात्रीच्या प्रसंगांसाठीं केलेला कृत्रिम प्रकाशाचा उपयोग. त्या काळीं बहुतेक ठिकाणीं रात्र दाखवावयाची असली तर चित्रण भर उन्हांत करीत आणि नंतर फिल्म निळ्या रंगांत बुडवीत. बाबूरावांनीं दिवे लावून रात्र घडविली. ही निवळ यंत्राची करामत नव्हे. सभासदाचें निवेदन पुन्हां आठवावें : अंधारी रात्र, कडा, मुकाट्यानें चढणारीं माणसें, मग आग, आणि दूर राजगडावर ती आग पाहणारा राजा. ह्या संपूर्ण प्रसंगांत निरोप शब्दानें गेलेला नाहीं; उजेडानें गेला आहे. म्हणजे घटनाच मूळची मुकी आहे. कादंबरीनें तिला पुष्कळ बोलतें केलें. कादंबरीचें बोट धरून चाललेल्या मूकपटाला, केवळ आपल्या मुकेपणामुळें आणि दिव्यांच्या सोयीमुळें, नकळत कादंबरी ओलांडून जुन्या साक्षीच्या जवळ जातां आलें. कथानकांत तो आपट्यांचा शिष्य होता, प्रकाशांत सभासदाचा. हें मत मी जबाबदारीनें मांडतों.

बाबूराव मूळचे चित्रकार, आणि पडदे रंगविणारा हा मनुष्य पडद्याला फसणारा नव्हता. रंगविलेल्या सपाट पडद्यापुढें नट उभे करण्याची रीत टाकून त्यांनीं घन आकाराची मांडणी आणिली. भिंतीला जाडी आली, खांबाला सांवली आली. ज्याला चुन्याच्या भिंतींतला आणि कापडाच्या भिंतींतला फरक समजतो, त्याला पोषाख व शस्त्रें ह्यांतही नुसत्या चकचकाटावर समाधान होत नाहीं. आपल्यापैकीं कित्येकांनीं शिवकालावर उत्तम निबंध लिहिले. परंतु मावळ्याच्या कमरेचा शेला चढतांना कोठें अडकतो ह्याचा विचार करण्याची पाळी आपल्यावर आली नव्हती, ती त्यांच्यावर आली.

नांवाविषयीं थोडें. कादंबरीचें नांव म्हणजे एक पूर्ण वाक्य. चित्रपटाचें नांव केवळ एक किल्ला. मला हा बदल आवडतो, पण त्याची गंमत वेगळीच आहे. सभासदानें महाराजांच्या तोंडीं जें वाक्य घातलें आहे त्यांत सिंह नाहींच. तेथें ‘गड’ हाच शब्द दोनदां येतो, एकदां किल्ल्याकरितां, एकदां तानाजीकरितां. अलंकारशास्त्राच्या दृष्टीनें तें लाटानुप्रासाच्या अगदीं जवळ जातें : शब्द तोच, तात्पर्य भिन्न. शोकांत असलेल्या माणसाच्या तोंडीं शोभेल असें साधें वाक्य तें आहे. ‘सिंह’ त्यांत नंतर शिरला आणि त्यानें वाक्य अधिक टाळ्यांचें केलें. मग तानाजी सिंह, म्हणून गडाचें नांव सिंहगड, अशी व्युत्पत्ति रूढ झाली. यास्कानें निरुक्तांत अशा कित्येक व्युत्पत्त्या दिल्या आहेत आणि त्या मनोहरही आहेत; पण येथें कागद आडवा येतो. इ. स. १६६३ च्या एप्रिलांतील महाराजांच्या पत्रांत सिंहगड हें नांव आलें आहे, म्हणजे तानाजी पडण्याच्या जवळ जवळ सात वर्षें आधीं. तेव्हां चित्रपटाला ‘सिंहगड’ नांव देणारांनीं, कादंबरीच्या शीर्षकाचें ओझें टाकतांना, योगायोगानें ऐतिहासिक दृष्ट्या अधिक निर्दोष नांव उचललें. तें त्यांनीं विचारपूर्वक केलें असा दावा करणें मात्र धाडसाचें होईल.

आतां संग्राहक बंधूंस उद्देशून. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती पेटते, चिकटते, भुकटी होते, आणि तिच्यांतील रुप्यासाठीं कित्येक फिल्मा वितळविल्या गेल्या. हिंदुस्थानांत हजारावर मूकपट निघाले. आज त्यांतील थोडेच, आणि पुष्कळदां तुकड्यांनींच, उरले आहेत. बाबूरावांच्याच १९२७ च्या ‘मुरलीवाला’ व ‘सती सावित्री’ ह्यांचे अंश पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत आहेत. तें संग्रहालय स्थापन झालें १९६४ मध्यें, म्हणजे ‘सिंहगड’नंतर एकेचाळीस वर्षांनीं. जानेवारी २००३ मध्यें पुण्यांतच चित्रपट संस्थेच्या आवारांत आग लागून नायट्रेट फिल्मांचा मोठा सांठा जळाला. तेव्हां मूळ चित्रपट मिळण्याची आशा थोडी. त्रिवेंद्रमच्या गणपतिशास्त्र्यांस १९०९ मध्यें भासाच्या नाटकांचीं ताडपत्रें सांपडलीं तसें कांहीं घडलें तर तें आपलें भाग्य.

परंतु चित्रपटाबरोबर कागदही निघत असे. बाबूरावांनीं आपल्या चित्रपटांकरितां स्वतः भित्तिचित्रें रंगविलीं आणि कथासार व छायाचित्रें असलेल्या पुस्तिका काढिल्या. असले कागद कोठें असतील? जेथें आपण नेहमीं शोधतों तेथेंच : जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, वतनाच्या कागदांच्या खालीं, रुमालांच्या तळाशीं. आणि तेथें आपणच त्यांचे शत्रु ठरलों आहोंत. एका मित्रानें माझ्यादेखत एक रुमाल सोडला. आंत अठराव्या शतकांतील दोन निवाडपत्रें होतीं, आणि त्यांच्यासोबत कांहीं सिनेमाचीं हस्तपत्रकें. निवाडपत्रें त्यानें डोक्यास लावलीं; हस्तपत्रकांत दुसऱ्या दिवशीं डाळिंबें बांधून माझ्याकडे आलीं. कोणत्या चित्रपटाचीं होतीं तें पाहण्यापूर्वीं डाळिंबांच्या रसानें अक्षरें गेलीं होतीं. असलें पत्रक मिळाल्यास तें ज्या कागदांत सांपडलें त्यांपासून वेगळें करूं नये, कोठें व कोणाच्या संग्रहांत होतें तें त्याच वेळीं लिहून ठेवावें, आणि पाट्यांचा मजकूर छापलेला असल्यास त्याची नक्कल शब्दशः, चुकांसकट, करून घ्यावी. कमलकुमारीच्या कथेस मूकपटांत किती जागा दिली होती, उदेभान कोणाच्या हातून पडला, सभासदाप्रमाणें तानाजीच्याच, कीं लोककथेप्रमाणें शेलारमामाच्या, ह्याचा निकाल अशा एखाद्या पानावर लागूं शकेल.

दुसऱ्यास दोष देतों त्याहून माझा दोष मोठा आहे, तो सांगितलाच पाहिजे. मी शाळेंत संस्कृत शिकवीत असें. इतिहासाचे शिक्षक रजेवर असले कीं तो वर्गही माझ्याकडे येई. इ. स. १९८८ च्या सुमारास एका मुलानें उत्तरपत्रिकेंत लिहिलें कीं उदेभानानें कमलकुमारीस पळविलें होतें म्हणून तानाजीनें कोंढाणा घेतला. मीं त्याला पांचापैकीं पांच गुण दिले. आपट्यांची कादंबरी मलाही पाठ होती, आणि सभासद मीं तोंवर उघडला नव्हता. पुढें तो उघडल्यावर मुलाला बोलावून चूक सांगितली, तेव्हां तो म्हणाला, “गुरुजी, पण आमच्या आजोबांनीं डोळ्यांनीं पाहिलंय. लहानपणीं, तंबूंत. ते म्हणतात, पडद्यावर रात्र होती, आणि तरी माणसं दिसत होतीं.”

मी हंसलों आणि त्याला सभासदांतील उतारा वाचून दाखविला. एका पोथीसाठीं बारा बारा मैल सायकल मारीत जाणारा मी, चार गल्ल्या ओलांडून त्या आजोबांकडे गेलों नाहीं. त्यांनीं पाहिला तो १९२३ चा मूकपट कीं १९३३ चा बोलपट? रात्रीच्या त्या वर्णनावरून मूकपट असावा असें मन म्हणतें. पण दहा वर्षांच्या नातवाकडून आलेल्या एका वाक्यावर एवढा भार टाकतां येणार नाहीं. तंबूंत कोणी पेटी-तबला वाजवीत बसला होता कीं पडद्यावरचीं माणसेंच बोलत होतीं, एवढें विचारलें असतें तरी निर्णय झाला असता. तो प्रश्न मला सुचला तेव्हां आजोबांस जाऊन चार वर्षें झालीं होतीं.